थांबलेलें यंत्र आणि फिरणारा बाण

गेल्या पावसाळ्यांत आमच्या परिचयाचे एक गृहस्थ रात्रीच्या वेळीं आपल्या आजारी मातोश्रींस मोटारींतून यवतमाळच्या रुग्णालयांत नेत होते. शेतरस्त्यानें येऊन कळंबजवळ महामार्गास लागतांना ते क्षणभर थांबले. पावसामुळें पाटी दिसेना, म्हणून त्यांनीं मोबाईलमधील नकाशा पाहिला व बाणाचें तोंड ज्या बाजूस होतें त्या बाजूस मोटार वळविली. थोडें अंतर जातांच बाण एकदम उलट फिरला. आपण यवतमाळ सोडून वर्ध्याकडे चाललों आहों, हें तेव्हां त्यांस कळलें. सुदैवानें फारसा उशीर झाला नाहीं. तथापि उभ्या गाडींत चुकणारा बाण गाडी चालूं लागतांच सरळ कां व्हावा, हा प्रश्न आमच्या मनांत राहिला. त्याचें उत्तर विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटून तें येथें देत आहों.

जीपीएस या अमेरिकन व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. भारतानेंही ‘नाविक’ नांवाची आपली व्यवस्था उभारिली असून तिचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजीं सोडण्यांत आला. प्रत्येक उपग्रहांत अत्यंत अचूक घड्याळ असतें व तो आपली वेळ आणि आपलें स्थान लहरींच्या द्वारें सतत कळवीत असतो. ती लहर आपणांपर्यंत येण्यास किती वेळ लागला यावरून उपग्रहाचें अंतर निघतें. आणि निदान चार उपग्रहांचीं अंतरें मिळालीं म्हणजे आपलें स्थान ठरतें. लहरींचा वेग सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर आहे. म्हणून सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली तर अंतरांत 300 मीटरांची चूक पडते. वातावरणांतून येतांना लहरींस विलंब होतो, भिंतींवर आपटूनही त्या येतात. या कारणांनीं मोकळ्या मैदानांतसुद्धां कांहीं मीटरांची चूक शिल्लक राहते, व ती क्षणोक्षणीं थोडी थोडी बदलते.

आतां दिशेचा विचार करूं. आपलें तोंड कोणीकडे आहे हें या लहरींवरून यंत्रास मुळींच कळत नाहीं. तें इतकेंच पाहतें कीं, मघां आपण कोठें होतों व आतां कोठें आहों. त्या दोन स्थानांस जोडणारी रेषा तीच त्याची दिशा. फळ्यावर जाड खडूनें दोन ठिपके हातभर अंतरावर काढा. त्यांतून जाणाऱ्या रेषेची दिशा कोणीही सांगेल. तेच ठिपके एकमेकांवर काढले तर रेषा कशीही ओढतां येईल. समजा, आडव्या बाजूस एक मीटरची चूक आहे. आपण 57 मीटर चाललों असल्यास दिशा सुमारें एका अंशानें चुकेल. एकच मीटर चाललों असल्यास 45 अंशांनीं. आणि जागचे हाललोंच नाहीं, तर उरेल ती केवळ चूक, व तिला सर्व दिशा सारख्याच!

पुष्कळ यंत्रें लहरींच्या कंपनसंख्येंत पडणाऱ्या फरकावरून वेग काढितात. येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढलेला व जाणारीचा उतरलेला ऐकूं येतो, त्याच जातीचा हा फरक होय. ही रीत अधिक सूक्ष्म आहे. परंतु वेग शून्य झाला म्हणजे तिचीही तीच गत होते. म्हणून कित्येक यंत्रें वेग फार कमी होतांच शेवटची खात्रीची दिशा धरून ठेवितात. जहाजांवर दोन ग्राहक एकमेकांपासून दूर बसवून त्यांतील रेषेवरून जहाजाचें तोंड काढतां येतें.

मोबाईलमध्यें बहुधा लहानसें होकायंत्रही असतें, व तें उभ्या माणसासही दिशा दाखवितें. पण पृथ्वीचें चुंबकत्व क्षीण असल्यामुळें मोटारीचें लोखंड किंवा जवळचें लोहचुंबक त्यास सहज भुलवितें.

याचा प्रयोग शाळेच्या पटांगणांत करतां येईल. मोबाईल बांकावर स्थिर ठेवून त्यावरील अक्षांश व रेखांश पाहावे. कळंबचे अक्षांश सुमारें 20.4 व रेखांश 78.3 आहेत. त्यांपुढील पांचव्या दशांश स्थळाचा एक अंक म्हणजे जवळजवळ एक मीटर. बांक हालत नसतांही शेवटचे अंक बदलतांना पुष्कळदां दिसतील. मग तोच मोबाईल हातीं घेऊन तीस पावलें सरळ चालावें. बाण स्थिर होऊं लागेल.

तात्पर्य, चौकांत उभें राहून बाणावर विसंबूं नये. दिवसा सूर्य पाहावा, निरभ्र रात्रीं ध्रुव पाहावा, नाहींतर जवळच्या माणसास विचारावें. तेंही शक्य नसेल तर थोडें पुढें जाऊन बाण काय सांगतो तें पुन्हां पाहावें, व मगच गाडीस वेग द्यावा. आजारी माणूस सोबत असतां हा अर्ध्या मिनिटाचा विलंब फायद्याचाच ठरेल.