तोरिनोच्या तक्त्यातल्या अडखळणाऱ्या ओळी

तुरिन शहरात दोन मोठे फुटबॉल क्लब. युव्हेंतुसच्या विजेतेपदांनी तिशी कधीच ओलांडली. १९०६ साली निघालेल्या, डाळिंबी जर्सीच्या तोरिनोच्या खात्यावर जेमतेम सात. तरीही हंगामनिहाय तक्ता वाचायचा तर तोरिनोचा. त्याच्या काही ओळींवर नजर अडखळते.

पहिलीच पाहा. १९२६-२७ : तोरिनो अव्वल, विजेता कोणीही नाही. शेजाऱ्यांविरुद्धच्या सामन्याआधी युव्हेंतुसच्या लुइजी आलेमांदी या बचावपटूला पैसे चारल्याचा ठपका आला आणि विजेतेपद काढून घेतलं गेलं. गंमत अशी की त्या सामन्यात आलेमांदी उत्तम खेळला म्हणतात. त्याच्यावरची आजन्म बंदी पुढे उठली आणि १९३४चा विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या संघात तो होता. तोरिनोने पुढच्याच हंगामात विजेतेपद रीतसर मिळवलं, पण मागची ओळ कोरी राहिली ती राहिलीच.

मग ‘ग्रांदे तोरिनो’चा काळ. १९४३मध्ये विजेतेपद, आणि युद्धाने खंडित झालेली स्पर्धा पूर्ववत झाल्यावर १९४६ ते १९४९ सलग चार. मधल्या १९४४च्या युद्धकालीन स्पर्धेत या बलाढ्य संघाला हरवलं कोणी, तर ला स्पेत्सियाच्या अग्निशमन दलाच्या संघाने! १९४७-४८मध्ये तोरिनोने ४० सामन्यांत १२५ गोल केले. घरच्या फिलाडेल्फिया मैदानावर सहा वर्षांहून अधिक काळ लीगमध्ये त्यांना कोणी हरवू शकलं नाही. खेळ रेंगाळला की प्रेक्षकांतला एक रेल्वे कर्मचारी तुतारी फुंकायचा, कर्णधार व्हालेंतीनो मात्सोला बाह्या सरसावायचा आणि पुढच्या पाव तासात प्रतिस्पर्ध्याची दाणादाण उडायची. मे १९४७मध्ये हंगेरीविरुद्ध उतरलेल्या इटलीच्या अकरांत दहा खेळाडू तोरिनोचे होते. उरलेला गोलरक्षक युव्हेंतुसचा.

१९४८-४९च्या ओळीत नुसतं ‘प्रथम, ६० गुण’ असं लिहिलेलं असतं. चार सामने बाकी असताना संघ मैत्रीपूर्ण सामन्यासाठी लिस्बनला गेला. ४ मे १९४९ला परतताना दाट ढगांत विमान सुपेर्गाच्या टेकडीवरच्या चर्चच्या मागच्या भिंतीवर आदळलं. ३१ जण गेले, त्यांत १८ खेळाडू. मृतदेहांची ओळख पटवायला राष्ट्रीय संघाचे जुने प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोत्सो यांना उभं राहावं लागलं. उरलेले चार सामने तोरिनोची पोरं खेळली. समोरच्या क्लबांनीही आपले कुमार संघच उतरवले. चारही सामने तोरिनोने जिंकले. त्या साठ गुणांतले शेवटचे आठ या पोरांचे. तक्त्यात ते वेगळे दाखवत नाहीत. दाखवायला हवे होते, असं मला वाटतं.

दहा वर्षांत संघ घसरून दुसऱ्या श्रेणीत, सेरी बीत गेला. लगेच वर आला, पण विजेतेपद मिळालं ते थेट १९७५-७६ला. प्रशिक्षक जीजी रादीचे, आघाडीला पुलीची आणि ग्रात्सियानी. घरचे पहिले चौदाही सामने जिंकले, शेवटचा तेवढा बरोबरीत सुटला. पुढल्या वर्षी तर कमाल झाली. साठपैकी पन्नास गुण मिळवूनही तोरिनो दुसरा, कारण युव्हेंतुसचे एक्कावन्न! इतकं चांगलं खेळून हात हलवत परतणं फार कमी संघांच्या नशिबी आलं असेल.

१९९२च्या युएफा चषकाच्या अंतिम फेरीत आयाक्सशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले, २-२ आणि ०-०. परक्या मैदानावरच्या गोलांच्या हिशोबात चषक गेला. दुसऱ्या सामन्यात तोरिनोचे तीन फटके गोलच्या चौकटीवर आदळले होते. अॅम्स्टरडॅममध्ये पंचांच्या निर्णयावर चिडून प्रशिक्षक एमिलियानो मोंदोनिको यांनी डोक्यावर खुर्ची उगारली. ते छायाचित्र तोरिनोवाल्यांच्या अजून लक्षात आहे. पुढच्या वर्षी त्याच नियमाने रोमाला मागे टाकून त्यांनी इटालियन चषक घेतला. घरी ३-०, रोममध्ये २-५.

आणि २००४-०५ : बढती मिळवली. पुढची ओळ : सेरी बी. ही छपाईची चूक नाही. मैदानावर बढती कमावलेला क्लब त्याच उन्हाळ्यात दिवाळखोरीत निघाला, उर्बानो काइरो यांनी तो नव्याने उभा केला आणि त्याला दुसऱ्याच श्रेणीत जागा मिळाली. तीच बढती तोरिनोने २००६मध्ये पुन्हा एकदा खेळून मिळवली.