आखाती नोकरी : पगाराआधी कर्ज मोजा

अंधेरी पूर्वेला सहार विमानतळाबाहेर मध्यरात्री जाऊन पाहावे. सुतार, वेल्डर, गवंडी, एसी मेकॅनिक असे कितीतरी तरुण घरच्यांचा निरोप घेऊन दुबई-रियाधच्या विमानाला निघालेले दिसतात. पगार किती मिळणार हे प्रत्येकाला पाठ असते. जाण्यासाठी काढलेले कर्ज किती महिन्यांत फिटेल, हे मात्र फार थोडे सांगू शकतात.

आमचे वाचक व्यापारी आणि कारागीर आहेत. त्यांना हिशेब शिकवण्याची गरज नाही. तरीही दुकानात पैन् पैचा हिशेब ठेवणारा माणूस मुलाला परदेशी पाठवताना फक्त पगाराचा आकडा विचारतो. म्हणून एक उदाहरण मांडतो.

समजा, एका सुताराने एजंटाला १,२०,००० रुपये दिले आणि ही रक्कम दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने उचलली. तिकडून तो महिना २५,००० रुपये घरी पाठवतो. घरखर्चाला १२,००० गेले की कर्जासाठी १३,००० उरतात. पहिल्या महिन्यात त्यातले ३,६०० निव्वळ व्याजात जातात. या गतीने कर्ज फिटायला ११ महिने लागतात. करार दोन वर्षांचा धरला तर जवळजवळ निम्मा काळ तो एजंट आणि सावकार यांच्यासाठीच राबला.

आता कायदा पाहू. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. तेवढीच रक्कम त्याच व्याजाने काढली तरी ती ३ महिन्यांत फिटते. फरक ८ महिन्यांचा, म्हणजे १,०४,००० रुपयांचा. परतल्यावर स्वतःचे काम सुरू करण्याचे भांडवल ते हेच.

नोकरी मध्येच सुटली तर काय? १९९० साली इराकने कुवेत घेतले तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानाने परत आणावे लागले. अशा वेळी नोकरी तिकडे राहते, कर्ज मात्र घरीच असते.

मोठ्या आकड्यांनीही भुलू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे एक-पंचमांश होता. पण देशात येणाऱ्या या पैशात अमेरिकेचा हिस्सा अमिरातीपेक्षा जास्त आहे. त्यावरून वेल्डरच्या घरची स्थिती ठरवता येत नाही.

तेव्हा कारागीर बांधवांनी एवढे करावे. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत तपासावा. पैसे बँकेमार्फत द्यावेत आणि पावती घ्यावी. दहावी न झालेल्यांना आखाती देशांत नोकरीसाठी उत्प्रवासन मंजुरी लागते. तिच्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमाही असतो. व्हिजिट व्हिसावर कामाला जाणारा या दोन्हींना मुकतो.

व्यापारी बांधवांनाही एक विनंती आहे. आपल्या दुकानात हात बसलेला कारागीर जाणारच असेल तर त्याला अडवू नये. कायदेशीर शुल्काचे ३५,४०० रुपये त्याला बिनव्याजी द्यावेत. आमच्याच हिशेबाने ते ३ महिन्यांत परत येतात, आणि दोन वर्षांनी तो कारागीर कर्जबाजारी न होता, चार पैसे गाठीला बांधून आपल्या बाजारात परत येतो.