मेंदूची उपच्छाया

आपल्याकडे एखाद्याला लकवा झाला की 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणतात. मी कवितेच्या नादी लागलेला, बी.ए. झालेला माणूस. वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. पण शब्दांचा पिच्छा पुरवायची सवय आहे आणि या शब्दाचा पिच्छा पुरवता पुरवता मी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊन पोहोचलो. तिथे वारं वगैरे काही नसतं. बहुतेक वेळा मेंदूकडे जाणारी एखादी वाहिनी गुठळीने बुजलेली असते. काही वेळा वाहिनी फुटते; पण आज बोलायचं आहे ते बुजण्याविषयी.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे २० टक्के तो एकटाच खातो. शिवाय शिदोरी बांधून ठेवायची त्याला सवय नाही, हातावर पोट. १९४०च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी माणसांना थोडा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला आपण हसवणारा वायू म्हणतो तो हुंगायला दिला आणि मेंदूतून किती रक्त फिरतं याचा हिशेब मांडला. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास. टपरीवरच्या कटिंग चहाइतकं म्हणा ना!

हे प्रमाण घटलं तर काय होतं? रक्त थांबलं की पेशी मेली, इतकं ते सरळ नाही. १९७०च्या दशकात लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये लिंडसे सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांवर प्रयोग केले. डेन्मार्कचे आस्ट्रुपही त्यांच्याबरोबर होते. रक्तप्रवाह २०च्या खाली गेला की पेशींचे विजेचे संदेश थांबत. पण पेशी तेवढ्याने मरत नसत. प्रवाह आणखी घसरून १०च्या घरात आला की मगच त्यांच्या पापुद्र्यावरचे पंप बंद पडत, आतलं पोटॅशियम बाहेर सांडे आणि नासाडी सुरू होई. म्हणजे या दोन आकड्यांच्या मधल्या पेशी गप्प असतात, पण जिवंत असतात.

या मधल्या पट्ट्याला १९८१ साली आस्ट्रुप, सीस्यो आणि सायमन यांच्या लेखात 'पेनंब्रा' हे नाव मिळालं. शब्द ग्रहणाचा आहे. गडद सावलीभोवती जी फिकी सावली असते ती. मराठीत आपण तिला उपच्छाया म्हणतो. प्रयोगशाळेतल्या माणसांनी आकाशातून शब्द उचलावा, याचं मला कवी म्हणून अप्रूप वाटतं. ज्यांना ग्रहण लांबचं वाटतं त्यांनी शेत पाहावं. उन्हाळ्यात पाटाला पाणी कमी पडलं की वांग्याची रोपं दुपारी माना टाकतात. ती मेलेली नसतात. संध्याकाळी पाणी फिरलं की सकाळी पुन्हा ताठ. आणखी दोन दिवस गेले तर मात्र विहीर उपसली तरी उपयोग नाही.

२००३ साली माझ्या मावशीचे यजमान, आमचे खालू, सकाळी तोंड धुताना कोसळले. ते गणिताचे मास्तर. उजवा हात लुळा, वाचा गेलेली. जमलेल्यांपैकी कुणी तेल चोळलं, कुणी कबुतराचं रक्त आणायला माणूस पिटाळला. दुपार उलटल्यावर जिल्ह्याच्या गावी नेलं. ते वाचले. पुढे कित्येक महिने त्यांना 'पाणी' हा शब्द सापडत नसे; पेल्याकडे बोट दाखवत. आणि नातवाने 'बे एके बे' म्हटलं की 'बे दाहे वीस'पर्यंत न अडखळता म्हणत! घोकलेलं बोलणं आणि ठरवून बोलणं यांची मेंदूतली व्यवस्था पुष्कळशी वेगळी असते, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. मावशी तेव्हा दाराआड जाऊन रडायची.

उपच्छाया टिकते काही तास. १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, तीन तासांच्या आत टीपीए हे गुठळी विरघळवणारं औषध दिलेले रुग्ण तीन महिन्यांनी धडधाकट असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी जास्त आढळली. धोकाही होता. औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के लोकांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. न घेतलेल्यांत ०.६ टक्के. म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. वाहिनी फुटलेली असेल तर हेच औषध घात करेल. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी वाहिनी बुजली असता मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी जातात, असा हिशेब अमेरिकेच्या डॉ. सेव्हर यांनी २००६ साली मांडला.

रक्त पोहोचेपर्यंत पेशी तगवून धरणारं औषध मात्र हुलकावणी देत राहिलं. २००६ साली एका ऑस्ट्रेलियन गटाने मोजदाद केली, तेव्हा प्रयोगात आजमावलेले १०२६ उपाय भरले. त्यांतले ११४ माणसांपर्यंत आले. उंदीर बरे झाले, माणसं नाही. उंदीर तरुण आणि निरोगी. आपला रुग्ण सत्तरीचा, मधुमेह आणि रक्तदाब सांभाळणारा. शिवाय उंदराला औषध मिनिटांत मिळतं, आपल्याला रिक्षा शोधण्यापासून सुरुवात!

यश आलं ते दुसऱ्या वाटेने. जांघेतून नळी सरकवून गुठळीच ओढून काढायची. २०१५च्या डच चाचणीत ५०० रुग्ण होते. गुठळी काढलेल्यांपैकी ३२.६ टक्के स्वतःचं स्वतः करू लागले, इतरांत १९.१ टक्के. २०१८ साली तर निवडक रुग्णांत ६ ते २४ तासांपर्यंतही हा उपाय लागू पडल्याचं दिसलं. निवड घड्याळावर नव्हती. मेंदूचा किती भाग मेला आणि किती नुसता गप्प आहे, हे चित्रात पाहून होती. कुणाच्या शेजारच्या वाहिन्या पाणी झिरपावं तसं रक्त पुरवत राहतात, कुणाच्या नाही. म्हणून कुणाची उपच्छाया दिवसभर टिकते, कुणाची तासाभरात संपते, आणि आपली कोणती हे घरी बसून कळत नाही.

तोंड वाकडं झालं, एक हात वर राहिना, बोलणं अडखळलं, यांपैकी एक जरी अचानक दिसलं तरी १०८ला फोन करावा आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्यावं. तोंडात पाणी, गोळी काही घालू नये. दारात डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, 'यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?' ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी.