शोधाशोध, कडेवरच्या भावंडासकट

दिवाळी झाली, भात कापून झालं की आमच्या दिघाशीची शेतं मोकळी होतात. मुलांना पळायला एवढी जागा भिवंडी शहरात तरी कुठे मिळणार? वाढदिवसाच्या पार्टीत ‘ट्रेझर हंट’ खेळवतात, तसाच हा शोधाशोधीचा खेळ, फक्त उघड्यावरचा. गटागटाला यादी द्यायची आणि तासाभरात त्या वस्तू शोधून आणायला सांगायचं. खर्च म्हणाल तर कागद, पेन्सिल आणि शेवटी वाटायला गूळ-शेंगदाणे.

यादी मात्र पुस्तकातून उतरवू नका, मैत्रिणींनो. विलायती यादीत पाइनची फळं असतात, ती आपण कुठून आणणार? आमच्या यादीत भाताची लोंबी, चिंचोका, सागाचं पान, पाखराचं पीस, एक गुळगुळीत आणि एक खरखरीत वस्तू. तोडायचं काही नाही, खाली पडलेलंच उचलायचं. शिवाय एक प्रश्न आजीला विचारून यायचा: शेवळांच्या भाजीनं घसा खाजू नये म्हणून त्यात काय घालतात? (काकडं!) शेवळं येतात पहिल्या पावसात, पण आज्या उत्तर बाराही महिने देतात, आणि सोबत दोन गोष्टी जास्तीच्या सांगतात.

खरं तर माझं लक्ष यादीपेक्षा दुसरीकडेच असतं. खेळ सुरू झाल्यावर कट्ट्यावर कोण बसून राहतं? नऊ-दहा वर्षांची एखादी पोर, कडेवर धाकटा भाऊ. आई वीटभट्टीवर नाहीतर कुणाच्या शेतावर गेलेली. तिला ‘खेळू नको’ असं कुणी म्हणत नाही. पण बाळाला घेऊन ती पळणार कशी?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी नेमकं हेच हेरलं होतं. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघरमध्ये आहे. भावंडं सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावं म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. शिकवायचं साहित्य म्हणजे पानं, बिया, शिंपले, खडे. आपला खेळ याहून वेगळा काय आहे?

म्हणून गट करताना प्रत्येकात मोठी, मधली, धाकटी अशी मुलं मिसळा. निम्म्या वस्तू झाडाखाली, जवळच मिळतील अशा ठेवा. पहिल्या येणाऱ्याला बक्षीस नको, नाहीतर पुन्हा पळणारेच जिंकतात. आमच्या यादीत एक ओळ असते, ‘बाळ जिच्याकडे बघून हसेल अशी वस्तू’. मग बाळवालीला आपल्या गटात घ्यायला भांडणं होतात! दोघीजणी सावलीत गोधडी टाकून बसल्या की बाळं आळीपाळीनं त्यांच्याकडेही राहतात. तिच्या आईला मात्र आदल्या संध्याकाळी भट्टीवर जाऊन सांगून या. पोरीमार्फत नुसता निरोप पाठवलात तर ती माउली घाबरते.

आता काळजीचं. हद्द आधीच दाखवा. गोदामांचे ट्रक जातात तो रस्ता आणि कठडा नसलेली विहीर हद्दीबाहेरच. तिथे एकेक बाई उभी हवी. दगडाखाली, गवताच्या भाऱ्यात हात घालायचा नाही. खाजकुयलीच्या शेंगा आधी ओळखवून द्या. गुंजा दिसायला सुंदर, पण चावून खाल्ली तर विषारी, तेव्हा यादीत नकोच. विंचू चावलाच तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता १०८ ला फोन लावा, नाहीतर जवळचं आरोग्य केंद्र गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीचा उपाय दाखवून दिल्यापासून वेळेत उपचार मिळालेली बहुतेक मुलं वाचतात.

रविवारी सकाळी आठला सुरू करून साडेनऊला आवरा. पुढे ऊनही चढतं आणि आपली घरची कामंही. आणलेलं सगळं मुलांनाच परत शेतात टाकून येऊ द्या. गुळगुळीत दगड तेवढे खिशात राहतात. ते आपल्याला सापडतात सोमवारी, धुण्याच्या वेळी.