डेप्थ कॅमेरा घ्यायचाय? आधी मेजर टेप काढा!



मोठ्या पण हलक्या बॉक्सचं कुरिअर बिल काट्यावर नाही, मापावर ठरतं. लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची आणि बरेच कुरिअरवाले त्याला ५००० ने भागतात. ४० × ३० × ३० चा बॉक्स म्हणजे ७.२ किलो. प्रत्येक माप फक्त २ सेंटीमीटर जास्त धरलं, की झाले ८.६ किलो! म्हणून मी पॅकिंग टेबलावर रास्पबेरी पाय आणि डेप्थ कॅमेरा लावायचं ठरवलं.

आणि पहिलाच कॅमेरा चुकीचा घेतला. ‘रेंज जास्त म्हणजे माल भारी’ हा माझा हिशोब! टेबलापासून ९० सेंटीमीटरवर टांगला. रिकामं टेबल मस्त दिसलं. ५० सेंटीमीटर उंच बॉक्स ठेवला, तर त्याच्या जागी नुसता काळा डाग. बॉक्सचा माथा कॅमेऱ्यापासून ४० सेंटीमीटरवर होता आणि त्या कॅमेऱ्याला निदान ६० लागत होते. दोष माझाच; मी फक्त कमाल आकडा वाचला होता.

म्हणून खरेदीआधी हे तपासा:

१. सगळ्यात जवळचं अंतर. रिअलसेन्सचंच बघा. डी४०५ साधारण ७ ते ५० सेंटीमीटरसाठी, डी४३५ ०.३ ते ३ मीटरसाठी, डी४५५ ०.६ ते ६ मीटरसाठी. माझ्या टेबलाला मधला बसतो.

२. चूक किती चालेल? दोन लेन्सच्या स्टिरिओ कॅमेऱ्यात अंतर दुप्पट झालं, की चूक साधारण चौपट होते. उगाच उंच टांगू नका.

३. वस्तू कशी आहे? साध्या खाकी बॉक्सवर कॅमेऱ्याला पकडायला खुणाच नसतात. तिथे इन्फ्रारेड ठिपके टाकणारा प्रोजेक्टर कामाला येतो. चकचकीत टेप आणि पारदर्शक प्लास्टिक मात्र माप बिघडवतात.

४. बोर्डाचं पोर्ट. पाय ४ वर निळ्या यूएसबी ३ पोर्टलाच जोडा. यूएसबी २ वर रिझोल्यूशन आणि फ्रेम कमी मिळतात.

धंद्यात आपण गिऱ्हाईकाची गरज विचारून माल दाखवतो ना? मग स्वतःसाठी घेताना का विसरायचं? टेप काढा, दोन आकडे कागदावर लिहा, मगच ऑर्डर टाका.

भेटू पुढच्या व्हिडिओत!