वसंतांतील परतीचे प्रवासी

वसंत म्हटला कीं कोकिळेचें कूजन व आम्रमोहोर यांचेंच स्मरण आपणांस होतें. परंतु कोंकणकिनाऱ्यावर हाच ऋतु कित्येक पाखरांच्या प्रयाणाचा असतो. खंजन, म्हणजे आपला धोबी, हा संस्कृत वाङ्मयांत शरदाचा दूत. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत त्याच्या दर्शनाच्या शुभाशुभ फलांस एक स्वतंत्र अध्यायच दिला आहे. आगमनाची एवढी वास्तपुस्त, आणि निरोपाच्या वेळीं मात्र कोणाचें लक्ष नाहीं!

हा निरोप पाहावयाचा असल्यास चैत्राच्या प्रारंभीं, सूर्योदयाच्या सुमारास, अलीबागेजवळील किहीमसारख्या किनाऱ्यावर फिरावयास जावें. सालिम अली यांनीं १९३० सालीं सुगरण पक्ष्याचें सुप्रसिद्ध निरीक्षण केलें तें याच गांवीं. पुळणीमागील ओलसर गवतांत, गुरांच्या पायांशीं, शेपटी वरखालीं हालवीत पिवळा धोबी किडे टिपतांना दिसेल. हिंवाळ्यांत मळकट असणारा हा पक्षी प्रयाणापूर्वीं नवीं पिसें धारण करून हळदीसारखा पिवळा होतो. वाडींतील दाट पानांत हिरवट वटवट्या दिसण्याआधींच ऐकूं येतो. वजन अवघें सात-आठ ग्रॅम, पण जावयाचें थेट हिमालयाकडे वा त्याहूनही दूर उत्तरेस! हिंवाळाभर दोन अक्षरी हांक मारणारा हा जीव आतां मधूनमधून गाऊं लागतो. विणीच्या मुलखांत म्हणावयाच्या गाण्याची ती जणूं उजळणीच.

पांगारा फुललेला असला तर त्यावर भोरड्यांचा कलकलाट चाललेला असतो. गुलाबी अंग, काळें मस्तक व त्यावर तुरा, ही त्यांची खूण. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक भोरड्या मध्य आशियाकडे निघून जातात व तेथील गवताळ प्रदेशांत टोळांचा फडशा पाडतात. या उपकारास्तव चीनच्या सिंक्यांग प्रांतांत १९८० नंतर दगड रचून त्यांच्या घरट्यांची मुद्दाम सोय करण्यांत आली.

या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगांत सांठविलेली चरबी. ती पांगारा-सांवरीच्या मधावर, वड-पिंपळाच्या फळांवर आणि किड्यांवर जमते. आज किनाऱ्यावरील वाड्या मोडून बंगले उठत आहेत, आणि कुंपणाचा काटेरी पांगारा निरुपयोगी म्हणून आधीं तोडला जातो. अतिथि उपाशीं जाऊं नये, ही आपल्या घरांची शिकवण. ज्यांची कोंकणांत वाडी आहे त्यांनीं एक पांगारा अवश्य राखावा. आणि शेवटचा धोबी कोणत्या तिथीस दिसला, ही नोंद मुलांकडून दरवर्षीं वहींत करून घ्यावी.