बुटक्या झाडाचा खर्च

शिमल्याच्या पुढे कोटगढ-ठाणेधारच्या उतारांवर सफरचंदाची जुनी झाडं आहेत, ऐसपैस पसरलेली. तोडणीला शिडी लागते. फिलाडेल्फियाहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतून डेलिशियसची रोपं आणून इथं लावली आणि डोंगराचं अर्थकारण पालटलं. बियांपासून वाढवलेल्या खुंटावर कलम बांधलेली अशी झाडं सहा बाय सहा मीटरवर लावली तर हेक्टरी २७७ बसतात. फळ सात-आठ वर्षांनी येतं, पण पुढे चाळीसेक वर्षं झाड उभं असतं.

आता बोलबाला आहे एम-९ चा. मूळचा फ्रान्समधला, झाड बुटकं ठेवणारा हा खुंट इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात क्रमांक घेऊन जगभर गेला. तीन बाय एक मीटरच्या घन लागवडीत हेक्टरी ३,३३३ झाडं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ. झाड अरुंद असल्यानं ऊन आतपर्यंत पोचतं, फळ लाल होतं, आणि बाजारात भाव रंगाला मिळतो.

पण मुळं उथळ आणि ठिसूळ. फळांचं ओझं हे झाड स्वतः पेलत नाही, त्याला खांब आणि तारा लागतात. ठिबक हवंच. आपल्या द्राक्षबागायतदाराला हे नवं नाही: डॉगरिजचा खुंट, तारांचा मांडव, पहिलं पीक येण्याआधी डोक्यावर कर्ज. फरक एवढाच की डॉगरिज कमी पाण्यात तग धरतो, एम-९ नाही.

हिमाचलातल्या बऱ्याच बागा पावसावर जगतात, तीव्र उतारावर. जुन्या बागेत शेतकरी वर्षं गुंतवायचा. नव्या बागेत रोख गुंतवतो आणि वीस वर्षांत बाग पुन्हा लावतो. पाणी, सपाट जमीन आणि भांडवल असेल तर एम-९ ला तोड नाही. नसेल, तर एमएम-१११ सारखा मध्यम उंचीचा, मुळं घट्ट रोवणारा खुंट मला शहाणपणाचा वाटतो. घन लागवडीच्या जाहिरातीत त्याला जागा नसते, ही गोष्ट वेगळी.

घन लागवड करायचीच असेल, तर कलमाचा सांधा मातीच्या वर वीतभर ठेवा. मातीनं तो झाकला, की वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि महागडं बुटकं झाड मुकाट्यानं आजोबांच्या झाडाएवढं वाढू लागतं, तेही मीटरभर अंतरावर.